विहिरीवरची मुलाखत

रमजानच्या दिवसांत हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीच्या एखाद्या कंपनीत संध्याकाळी साडेसहानंतर डोकावले, तर एक गोष्ट हमखास दिसते. मीटिंग रंगात आलेली असते, पडद्यावर अमेरिकेतले सहकारी असतात आणि एखादा अभियंता कॅमेरा क्षणभर बंद करतो. खजूर तोंडात टाकतो, दोन घोट पाणी पितो आणि पुन्हा बोलायला लागतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास पुढे जातात. मग न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसहा. तिकडचा दिवस सुरू होतो, तेव्हा इकडे मगरिबची अजान आणि इफ्तारची वेळ जवळ आलेली असते. बहुतेक रोजेदार याची तक्रार करत नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला कित्येकदा कळतही नाही, की हा माणूस पहाटेपासून पाण्याच्या थेंबाविना काम करतो आहे.

रोजाचे वैशिष्ट्यच हे आहे. नमाज जमातीत होते, ती चार जणांना दिसते. हजला गेलेला माणूस साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक असतो. जकात दिली, तर घेणाऱ्याला तरी कळतेच. रोजा मात्र माणूस आणि त्याचा निर्माता यांच्यातला मामला. बंद खोलीत कोणी घोटभर पाणी प्यायले, तर जगाला पत्ता लागणार नाही. तरीही तहानलेला माणूस नळाजवळून मागे फिरतो, यालाच ‘तकवा’ म्हणतात. कोणी पाहत नसतानाही आपण पाहिले जात आहोत, ही जाणीव म्हणजे तकवा.

सॉफ्टवेअर अभियंत्याच्या पेशात या जाणिवेला फार मोल आहे. मोठ्या कंपनीतली मुलाखत चार जणांच्या डोळ्यांसमोर होते. पुढची दहा वर्षे जे काम करायचे, ते मात्र बहुतेक वेळा कोणी पाहत नसताना. शिवाय अलीकडे मुलाखतीचाच प्रामाणिकपणा पणाला लागला आहे.

मदयनच्या विहिरीवर

पवित्र कुरआनच्या अठ्ठाविसाव्या सूरहमध्ये, सूरह अल-कससमध्ये, नोकरीवर माणूस ठेवण्याचा एक प्रसंग आहे. हजरत मूसा (अलै.), ज्यांना यहुदी आणि ख्रिस्ती बांधव मोझेस म्हणून ओळखतात, इजिप्तमधून जीव वाचवून मदयनला पोचले. गावाबाहेरच्या विहिरीवर धनगरांची झुंबड उडाली होती. दोन मुली मात्र आपली जनावरे आवरून बाजूला उभ्या होत्या. मूसांनी विचारले, तेव्हा कळले की वडील म्हातारे आहेत आणि बाकीचे गुराखी गेल्याशिवाय या दोघींना पाणी मिळत नाही. मूसांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले आणि काही न मागता सावलीत जाऊन बसले. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेला परका माणूस, ना ओळख ना शिफारस.

थोड्या वेळाने त्या मुलींपैकी एक त्यांना बोलवायला आली. घरी गेल्यावर तिने वडिलांना सुचवले, की यांना कामावर ठेवून घ्या. कारण सांगताना तिने दोनच गुण सांगितले. कामावर ठेवायला उत्तम माणूस तो, जो सक्षम आहे आणि विश्वासू आहे. पुढे वडिलांनी अटी घातल्या. मुलीशी विवाह, त्याबदल्यात आठ वर्षांची चाकरी आणि दहा पूर्ण केलीस तर ती तुझी मर्जी. मुदत ठरली, मोबदला ठरला, अल्लाहला साक्षी ठेवले गेले.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मूसांची खरी मुलाखत विहिरीवरच होऊन गेली होती आणि आपली मुलाखत चालली आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. सक्षमता चटकन दिसते. विश्वासूपणा दिसायला माणूस बेसावध असावा लागतो. ‘अमीन’, म्हणजे विश्वासू, हा शब्द मुस्लिम घरांत मुलांचे नाव म्हणून ठेवला जातो. प्रेषित मुहम्मद (स.) यांना पैगंबरी मिळण्याच्या आधीपासून मक्केचे लोक अल-अमीन म्हणत, कारण लोकांच्या ठेवी त्यांच्याजवळ सुरक्षित राहत.

आजच्या मोठ्या कंपन्याही हेच दोन गुण शोधतात. पहिला शोधण्याची त्यांची यंत्रणा मोठी आहे. दुसऱ्याच्या बाबतीत ती अजून चाचपडते आहे.

पंचेचाळीस मिनिटांचा फळा

ज्यांच्या घरात या क्षेत्रातले कोणी नाही, त्यांना ही मुलाखत कोड्यासारखी वाटते. मालेगाव, मिरज, परभणी, सोलापूर अशा गावांतून पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्या मुलामुलींचे आईवडील विचारतात, “अरे, डिग्री मिळाली, मार्क चांगले आहेत, मग आणखी सहा महिने अभ्यास कसला?”

हा अभ्यास वेगळा असतो. आधी घरबसल्या संगणकावर एक चाळणी परीक्षा होते. ती पार पडली की एकामागून एक मुलाखतींच्या फेऱ्या असतात. प्रत्येक फेरी साधारण ४५ मिनिटे ते एक तास आणि कित्येकदा चार-पाच फेऱ्या एकाच दिवशी. पहिल्या काही फेऱ्यांत एखादा प्रश्न देऊन तो सोडवायला सांगतात, पूर्वी फळ्यावर आणि आता बहुधा पडद्यावर. उमेदवाराने नुसते उत्तर लिहायचे नसते, तर विचार करता करता मोठ्याने बोलायचे असते.

प्रश्नाची जात समजायला एक सोपे उदाहरण पुरे. दहा लाख नावांची मतदारयादी वर्णानुक्रमे लावलेली आहे. तीत एक नाव शोधायचे. पहिल्या पानापासून वाचत गेले, तर वाईटात वाईट दहा लाख नावे वाचावी लागतील. त्याऐवजी यादी बरोबर मधोमध उघडायची. हवे ते नाव अलीकडे आहे की पलीकडे, ते पाहायचे. नको असलेला अर्धा भाग सोडून द्यायचा आणि उरलेला पुन्हा मधोमध उघडायचा. या रीतीने जास्तीत जास्त २० वेळा पाहिले की नाव सापडते किंवा ते यादीत नाही, हे तरी नक्की होते. उमेदवाराने ही युक्ती ओळखायची, ती बिनचूक लिहायची आणि पुढचे प्रश्न स्वतःलाच विचारायचे. यादी रिकामी असेल तर? एकच नाव दोनदा आले असेल तर?

कामाच्या अशा पायरीपायरीच्या रीतीला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द आला नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या नावाच्या लॅटिन रूपावरून. बीजगणितावरच्या ज्या ग्रंथामुळे ‘अल्जिब्रा’ हा शब्द जगाला मिळाला, त्यात त्यांनी वारसाहक्काच्या वाटणीचे आणि जमीनमोजणीचे हिशेबही सोडवले आहेत. भारतातली अंकपद्धती पश्चिमेकडे पोचली, तीही बरीचशी त्यांच्याच ग्रंथाच्या लॅटिन भाषांतरांतून. भारताचे अंक, बगदादची रीत आणि आज पुण्यातल्या मुलामुलींची मुलाखत, असा हा लांबचा प्रवास आहे. ज्ञानाला जात-धर्म विचारण्याची पद्धत तेव्हाही नव्हती.

अनुभवी उमेदवारांसाठी आणखी एक फेरी असते ती रचनेची. समजा, दहावीचा निकाल दुपारी एकला लागणार आहे आणि पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी एकाच वेळी संकेतस्थळावर तुटून पडणार आहेत. यंत्रणा कोलमडू नये म्हणून काय कराल? निकाल आधीच तयार करून अनेक ठिकाणी कसा ठेवाल? एक यंत्र बंद पडले, तर भार कोणावर टाकाल? या फेरीत एकच एक बरोबर उत्तर नसते. काय मिळवण्यासाठी काय सोडले आणि का, हे सांगता आले पाहिजे.

शेवटची फेरी स्वभावाची. ‘सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलेत?’ ‘हाती घेतलेले काम फसले, तेव्हा कोणाला आणि कधी सांगितलेत?’ आपल्याकडचे उमेदवार इथे अडखळतात. प्रत्येक वाक्य ‘आम्ही केले’ असे सांगतात. ‘मी केले’ म्हणायची जीभ होत नाही, कारण घरात तसे बोलणे आगाऊपणाचे मानले जाते. मुलाखत घेणाऱ्याला मात्र नेमका या माणसाचा वाटा जाणून घ्यायचा असतो. इथे हजरत यूसुफ (अलै.) यांचे उदाहरण आठवण्याजोगे आहे. सुकाळाची सात वर्षे आणि दुष्काळाची सात वर्षे येणार, हे ओळखून त्यांनी इजिप्तच्या राजाकडे कोठारांची जबाबदारी स्वतःहून मागितली. आपण राखण करणारे आहोत आणि जाणकार आहोत, असे आपले दोन गुण त्यांनी सांगितले, तेही ज्या कामासाठी लागणार होते तेवढेच. खरे ते मोजक्या शब्दांत सांगणे म्हणजे बढाई नव्हे.

निर्णय एकट्याच्या लहरीवर राहू नये, याचीही मोठ्या कंपन्या काळजी घेतात. ॲमेझॉनमध्ये मुलाखत घेणाऱ्यांत एक जण मुद्दाम दुसऱ्या विभागातला असतो. जागा भरायची घाई त्याच्या मागे नसल्याने तो तटस्थपणे बघू शकतो. मुलाखत घेणाऱ्यांनी लिहिलेली टिपणे वाचून वेगळ्या समितीने कौल द्यायचा, अशी पद्धत गूगलने रुजवली. न्यायाच्या कामी एकापेक्षा जास्त साक्षीदार असावेत, हा जुनाच विचार आहे.

पाहणाऱ्याच्या नजरेचे ओझे

तरीही ही परीक्षा संपूर्ण न्याय्य आहे, असे कोणी म्हणत नाही. ‘विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील’ अशा धाटणीची कोडी एके काळी फार गाजली. २०१३ मध्ये गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझलो बॉक यांनी उघडपणे सांगितले, की अशी कोडी कशाचाच अंदाज देत नाहीत. २०१५ मध्ये मॅक्स हॉवेल या प्रोग्रामरची गोष्ट जगभर चर्चेत आली. त्याने बनवलेले ‘होमब्रू’ हे साधन असंख्य अभियंते रोज वापरतात. पण फळ्यावरचा एक ठरावीक प्रश्न सुटला नाही म्हणून मोठ्या कंपनीने आपल्याला नाकारले, असे त्याने लिहिले होते.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना एकांतात फळ्यावर प्रश्न सोडवायला दिला. काहींना तोच प्रश्न दुसऱ्यासमोर, मोठ्याने बोलत सोडवायचा होता. समोर पाहणारा असला की कामगिरी निम्म्याहूनही खाली घसरली. प्रयोग लहान आहे, पण ज्याने मुलाखतीत घशाला कोरड पडलेली अनुभवली आहे, त्याला तो पटेल. एकांतात उत्तम काम करणारा माणूस चारचौघांत अडखळतो म्हणून मागे पडत असेल, तर परीक्षा ज्ञानाची होते की धिटाईची, हा प्रश्न उरतोच.

रोजेदार उमेदवाराच्या घशाला तर खरीच कोरड असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रमजान आला, तर महाराष्ट्रात रोजा साधारण तेरा तासांचा होतो. सहरीला चारच्या सुमाराला उठलेला माणूस दुपारी चार वाजता चौथ्या फेरीला बसला, तर डोके जड होणारच. यावर साधा उपाय आहे, पण तो विचारायला अनेक जण कचरतात. मुलाखतीची वेळ ठरवणारी व्यक्ती बहुधा उमेदवाराला सोयीच्या वेळा विचारते. तेव्हा सकाळची वेळ मागावी, फेऱ्या दोन दिवसांत विभागून मागाव्यात. कारण सांगायचे तर सांगावे, नसेल सांगायचे तर नुसती सकाळची वेळ मागितली तरी चालते. एकादशीचा किंवा नवरात्रीचा उपवास करणाऱ्यांनाही हाच सल्ला लागू पडतो. वेळ मागणे म्हणजे सवलत मागणे नव्हे. आपली उत्तम कामगिरी समोर यावी, ही दोन्ही बाजूंची गरज असते.

वरून कोरडे, आतून ओले

अलीकडे मात्र मुलाखतीत पाहणाऱ्याच्या नजरेआड करण्याच्या गोष्टी वाढल्या आहेत. मुलाखती घरबसल्या होऊ लागल्या आणि एकाच्या नावावर दुसऱ्यानेच मुलाखत देण्याचे प्रकार सुरू झाले. आता तर प्रश्न ऐकून क्षणात उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आहेत आणि ती पडद्याच्या कोपऱ्यात लपवून ठेवता येतात. समोरच्याला दिसते एवढेच, की उमेदवार विचारपूर्वक बोलतो आहे. २०२५ मध्ये गूगलचे सुंदर पिचाई यांनी निदान एक फेरी तरी समोरासमोर घेण्याचा मनोदय बोलून दाखवला, तो या पार्श्वभूमीवर.

हा मोह नुसते ‘वाईट’ म्हणून झटकून टाकण्याइतका किरकोळ नाही. त्याच्या मागे कर्ज काढून भरलेली फी असते, लग्नाची बहीण असते, वडिलांचे थकलेले खांदे असतात. ‘सगळेच करतात, मग मीच का मागे राहू?’ हा प्रश्न रात्री दोन वाजता फार खरा वाटतो. पकडले जाण्याची भीती हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, कारण अनेक जण पकडले जात नाहीत.

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना एका व्यापाऱ्याच्या धान्याच्या ढिगापाशी थांबले आणि त्यांनी ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आत बोटांना ओल लागली. विचारले, तेव्हा व्यापारी म्हणाला, पावसात भिजले. मग ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे प्रेषितांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. इथे व्यापाऱ्याचा दोष धान्य भिजण्याचा नव्हता. पाऊस कोणाच्याही धान्यावर पडतो. दोष होता ओल लपवण्याचा.

जाणकार मुलाखतकारही ढिगात हात घालतो. उत्तर बरोबर आले की तो प्रश्न जरा फिरवतो. ही रीत का निवडली? अट बदलली तर काय कराल? उसने उत्तर तिथे ओले लागते. उलट ‘हा भाग मला येत नाही, पण असा विचार करून बघतो’ असे सांगणारा उमेदवार आपले ओले धान्य स्वतःच वर ठेवतो. अनेक अनुभवी मुलाखतकार अशा कबुलीला कमीपणा मानत नाहीत. हाताखाली घ्यायचा माणूस न येणारी गोष्ट वेळेवर सांगेल, याची ती खूण असते.

शिवाय मुलाखत उसन्या उत्तरांवर निभावली, तरी नोकरी रोजच्या रोज करावी लागते. पहिल्या महिन्यातच आतली ओल सहकाऱ्यांच्या हाताला लागते. मग त्या माणसाचा प्रत्येक दिवस धास्तीत जातो. ज्या आईवडिलांच्या सुखासाठी हे केले, त्यांनाही ते सांगता येत नाही.

लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा

नोकरी लागल्यानंतरचे काम बाहेरच्यांच्या कल्पनेपेक्षा बरेच वेगळे असते. मोठ्या कंपनीतला अभियंता दिवसभर नवे काही लिहीत नसतो. तो अधिक वेळ दुसऱ्यांनी लिहिलेले वाचतो, तपासतो, दुरुस्त करतो. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार त्या कंपनीच्या एकाच सामाईक भांडारात कोडच्या २०० कोटी ओळी होत्या. एवढ्या डोंगरात आपल्या चार ओळी टाकायच्या, तर आधी काय बदलणार ते टिपण लिहायचे, चाचण्या लिहायच्या आणि मग निदान एका सहकाऱ्याने तपासून होकार दिल्यावरच त्या पुढे न्यायच्या, अशी शिस्त असते.

नव्या मुलांना ही तपासणी अपमानासारखी वाटते. खरे तर ती संरक्षण आहे. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, कर्जव्यवहाराविषयी आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहून ठेवायचा कंटाळा करू नका, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि साक्षीदार ठेवावेत, अशी तिची शिकवण आहे. माणसे वाईट असतात म्हणून हे सांगितलेले नाही. माणसे विसरतात, चुकतात, म्हणून सांगितले आहे.

ही शिस्त नसली की काय होते, ते १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेच्या शेअर बाजाराने पाहिले. नाइट कॅपिटल या दलाली कंपनीने नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर चढवायचा होता. सातांवर तो चढला आणि एकावर राहून गेला. त्या आठव्यावर वर्षानुवर्षे न वापरलेला जुना कोड होता. बाजार उघडताच तो जागा झाला आणि भराभर शेअरचे सौदे करत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. काम दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासलेले नव्हते आणि तसे तपासावे असा लेखी नियमही नव्हता, हे नियामक संस्थेच्या चौकशीत पुढे आले. जेवढ्या वेळात मुलाखतीची एक फेरी संपते, तेवढ्या वेळात एक कंपनी कोसळण्याच्या बेतात आली.

चूक झाल्यावर काय करावे, याचेही एक उदाहरण या क्षेत्रात आदराने सांगितले जाते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने बिघाड दुरुस्त करता करता चुकीच्या सर्व्हरवर माहिती पुसण्याचा आदेश दिला. लक्षात येऊन त्याने तो थांबवला, तोवर ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी माहिती उरली होती. राखीव प्रती घेण्याच्या नेहमीच्या व्यवस्था बघितल्या, तर त्या चालतच नव्हत्या. सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी घेतलेली एक प्रत हाती लागली म्हणून निभावले, तरी मधल्या सहा तासांची माहिती गेलीच. कंपनीने यातले काहीही झाकले नाही. दुरुस्तीचे काम जगाला थेट दाखवले आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात त्या अभियंत्याचा उल्लेख नावाने नव्हता, तर फक्त ‘टीम सदस्य १’ असा होता. राखीव प्रती चालतात की नाही, हे कोणीच का तपासले नाही, यावर अहवालाचा भर होता.

अमानत म्हणजे ठेव. बँकेतला पैसा, दवाखान्यातला अहवाल, कुणाचे फोटो, कुणाचा पत्ता, हे सारे आज कुठल्यातरी सर्व्हरवर ठेवलेले आहे आणि ठेवणाऱ्याला राखणारा कोण ते माहीतही नाही. मध्यरात्री तातडीचा संदेश आला म्हणून अंथरुणातून उठणारा अभियंता त्या ठेवीचा राखणदार असतो. त्या वेळी ‘सकाळी बघू’ म्हणून कूस बदलली, तर कोणाला कळणार नाही. रोजाने शिकवलेला धडा तिथे कामी येतो.

पाळीची अदलाबदल

ही रात्रीची जबाबदारी पाळीपाळीने येते. पुण्या-मुंबईच्या अनेक कंपन्यांत याबाबत एक अलिखित रीत पडून गेली आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची पाळी मुस्लिम किंवा ख्रिस्ती सहकारी मागून घेतो आणि रमजानमध्ये इफ्तारच्या वेळेचा अर्धा तास हिंदू सहकारी सांभाळतो. यासाठी कुठे परिपत्रक निघत नाही. “तू जा, मी बघतो,” एवढ्या चार शब्दांत काम होते. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर या गोष्टीला जागा मिळत नाही, पण देश रोज चालतो तो अशाच चार शब्दांवर.

ज्यांच्या हातात मीटिंगची वेळ ठरवणे आहे, त्यांनी महिनाभरासाठी ती अर्धा तास पुढे ढकलली, तरी मोठी मदत होते. रोजेदारानेही आपले काम दुसऱ्यावर पडू नये, हे पाहायला हवे. उपवासाच्या नावाखाली कामात कुचराई केली, तर ते माप कमी भरण्यासारखेच आहे आणि माप मारणाऱ्यांविषयी कुरआनमध्ये सूरह अल-मुतफ्फिफीन ही अख्खी सूरह त्यांच्याच नावाने आहे. पगार पूर्ण घ्यायचा आणि काम अर्धे द्यायचे, हेही माप मारणेच.

मुलाखत घेणाऱ्याचीही परीक्षा

टेबलाच्या पलीकडे बसलेल्याचीही एक अमानत असते, ती म्हणजे उमेदवाराची उमेद. ठरल्या वेळी हजर राहणे, प्रश्न नीट समजावणे, गावाकडच्या इंग्रजीला न हसणे, नाव वाचून मत न बनवणे, हे त्याचे कर्तव्य. निवड झाली नाही, तर तसे कळवणे हेही त्यातच आले. कित्येक मुले आठवडेच्या आठवडे मेल उघडून बघत राहतात आणि पलीकडून नकाराचा एक शब्दही येत नाही. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्यावी, अशी प्रेषितांची शिकवण आहे. चार फेऱ्या देणाऱ्यानेही घाम गाळलेला असतो. त्याला निदान उत्तर तरी वेळेवर मिळावे.

नकार तर बहुतेकांच्या वाट्याला येतात आणि एकदा नव्हे, अनेकदा. बऱ्याच कंपन्यांत काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो आणि पहिल्या खेपेला नाकारलेली अनेक माणसे पुढे तिथेच रुजू झालेली आहेत. ‘सब्र’ या शब्दाचा अर्थ आपण फक्त सहन करणे असा घेतो. त्यात टिकून राहणेही आहे. नकार आल्यावर कोणता प्रश्न अडला, ते वहीत लिहावे, दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि तिसऱ्या दिवशी त्याच प्रश्नापासून सुरुवात करावी. रोजी देणारा अल्लाह आहे, ही श्रद्धा हात बांधून बसण्यासाठी नाही. मूसाही विहिरीवर आधी पाणी उपसून मग सावलीत बसले आणि तिथे त्यांनी दुआ केली, की परमेश्वरा, तू जे काही भले पाठवशील त्याची मला गरज आहे.

या महिन्यात ज्यांच्या मुलाखती आहेत, त्यांच्या घरांत इफ्तारच्या दस्तरखानावर हीच दुआ मागितली जात असेल. शेजारच्या घरात कुणी देवापुढे निरांजन लावून तेच मागत असेल. लेकराला काम मिळो, ते काम त्याच्या हातून चोख होवो आणि त्या कमाईचा घास खाताना कधी मान खाली घालावी न लागो. आमीन.